पाटीवरचं विमान

नात्यानं ती तिथं कुणाचीच मावशी नव्हती, पण हुद्द्यानं होती. विशेष मुलांच्या त्या शाळेत शिकवतात त्या बाई, शाळा चालवतात त्या मोठ्या बाई, आणि उरलेलं सगळं, म्हणजे हात धुवायला लावणं, बटणं लावायला शिकवणं, रडं आवरणं, पळालेल्याच्या मागे पळणं आणि बसकण मारलेल्याला उठवणं, हे जी करते ती मावशी. कागदोपत्री ती 'वर्ग मदतनीस' होती. त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

मावशीला परदेशी जायचं होतं, आणि ते काही हौसेनं नव्हे. तिचा नवरा तिकडे एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होता आणि त्याच्या परवान्यात बायकोला बोलावून घ्यायची सोय नव्हती. लग्नानंतर जेमतेम दोन वर्षं दोघं एका छपराखाली राहिली आणि तो गेला. तेव्हापासून संसार फोनवर चालला होता. त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. मावशीची पस्तिशी मागे पडली. तिला मूल हवं होतं आणि त्याआधी नवरा हवा होता, आणि दोन्हींसाठी रस्ता एकच उरला होता, स्वतःच्या कामावर व्हिसा मिळवायचा. तिकडच्या एखाद्या शाळेनं नोकरी द्यायची आणि सरकारदरबारी सांगायचं, ही बाई आम्हाला हवी आहे, हिची जबाबदारी आमची. याला स्पॉन्सर होणं म्हणतात.

घरात ती आणि सासूबाई, अशा दोघीच. सासूबाईंना हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर हा स्पॉन्सर चांगल्या घरचा आहे ना. मावशीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सासूबाई मान हलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या की, म्हणजे तुझी जबाबदारी घेणार तो, मग माझा मुलगा तिथे बसून काय करणार? खरं सांगायचं तर तिलाही अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

कळणार तरी कसं? शाळांना पत्रं पाठवली तर उत्तर येई, तुमच्याकडे व्हिसा असेल तर अर्ज करा. व्हिसाच्या कचेरीत विचारलं तर म्हणत, नोकरी असेल तर या. एका ठिकाणी तिच्या कामाला शिक्षण सहाय्यक म्हणत, दुसरीकडे आधार कर्मचारी, तिसरीकडे काळजीवाहक, आणि काम तेच, नाकं पुसायचं. पण एका नावाला स्पॉन्सर मिळे, दुसऱ्या नावाला मिळत नसे, आणि कोणत्या नावाला मिळतो ते दर दोन-चार महिन्यांनी बदले. जिथं मावशी 'पात्र' असे तिथली मुदत टळलेली असे आणि जिथं मुदत असे तिथं ती 'पात्र' नसे. डोक्याचा नुसता भुगा झाला.

म्हणून तिनं एजंट गाठला. त्याची कचेरी एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती, त्यामुळे जिन्यात कायम लवंगेचा वास आणि कुणाचं तरी कण्हणं. माणूस गोड होता. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल." अनुभवाचा दाखला मराठीत आहे, चालेल का? होऊन जाईल. वयाची अडचण येईल का? होऊन जाईल. सासूबाईंनी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. होऊनजाईलचा फोन आला होता, होऊनजाईलनं फोटो मागितलाय, असं त्या शेजारणीलाही सांगत, आणि शेजारीणही कोणत्या तरी परदेशी माणसाचं नाव असावं अशा समजुतीनं ऐकून घेई.

आणि एक दिवस खरोखरच झालं. तिकडच्या एका निवासी शाळेनं मुलाखतीला बोलावलं, अर्थात फोनच्या पडद्यावर. मावशीला तिकडची भाषा येत होती ती वर्गापुरती. छोटी छोटी वाक्यं, आधी हे, मग ते. शिवाय वर्गात तिला एक सवय जडलेली होती. मुलाला काही सांगितलं की आपण गप्प राहायचं, त्याला वेळ द्यायचा, मध्ये बोलायचं नाही. मुलाखतीत पलीकडच्या दोघींपैकी एकीनं प्रश्न विचारला की मावशी तिच्याकडे शांतपणे बघत राही, बोलून पुरं झालं का याची वाट पाहत. दोनदा त्यांना वाटलं की चित्र अडकलं. मग मावशीनं पाच-पाच शब्दांत उत्तरं दिली. मूल मारतं तेव्हा काय करता? "मी बाजूला होते. हात दिसू देते. थांबते." पलीकडे दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. गेलं काम, असं मावशीला वाटलं. आठवड्यानं होकार आला.

मावशी हरखून गेली. मुकादमबाईंच्या बाबतीत तिच्या हातून जी चूक झाली, ती त्या हरखण्यात झाली.

मुकादमबाई म्हणजे तिच्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी. ती बोलत नसे, पण वर्ग तीच चालवी. त्या वर्गात भिंतीवर एक लांब पाटी होती आणि तिच्यावर दिवसभराची चित्रं ओळीनं चिकटवलेली असत. प्रार्थनेचं, खेळाचं, डब्याचं, घरी जायच्या गाडीचं. एखादं काम झालं की त्याचं चित्र चरचर ओढून काढायचं आणि खालच्या 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचं. इतर मुलांना हे शिकवावं लागे, पण या बाईसाहेब दुसऱ्यांची चित्रंसुद्धा वेळेत काढायला लावत. शिकवणाऱ्या बाई गप्पांत रमल्या तर पुढचं चित्र काढून त्यांच्या हातात देत. दाराशी चपलांचं कपाट होतं. प्रत्येकाचा एक कप्पा, त्याला छोटंसं दार आणि त्यावर ज्याचा त्याचा फोटो. कुणाची चप्पल तिरकी असली तरी मुकादमबाई ती सरळ करून मगच आत येत. जग जागच्या जागी असलं की त्या खूश, आणि जरा काही हललं की दोन्ही कान दाबून जमिनीवर.

म्हणूनच त्या वर्गाचा एक नियम होता. पक्कं झाल्याशिवाय पाटीवर चित्र नाही. सहल रद्द होऊ शकत असेल तर बसचं चित्र लावायचं नाही, पाहुणे येतील न येतील असं असेल तर पाहुण्यांचं लावायचं नाही. एकदा लावलं की ते घडलंच पाहिजे. मावशीनं हा नियम नव्या नव्या बायांना स्वतः शिकवला होता.

आणि तिनंच पाटीच्या अगदी टोकाला, पुढच्या दिवसांसाठी म्हणून, विमानाचं चित्र लावलं. त्याखाली स्वतःचा फोटो लावला. मोठ्या बाईंनी विचारलं होतं, "पक्कं ना?" मावशीनं होऊनजाईलला विचारलं, तो म्हणाला काय ते सांगायला नको, आणि मावशी मोठ्या बाईंना म्हणाली, "पक्कं." तिनं राजीनामा दिला. तिच्या जागी नवी ताई आली, चांगली मुलगी होती, लवकर शिकली. कपाटातला मावशीचा कप्पा तिला दिला आणि त्यावर तिचा फोटो लावला. रोज मावशी मुकादमबाईंना पाटीपाशी नेई आणि दाखवी, हे विमान, ही मावशी, मग टाटा, मग ही ताई. पहिल्या दिवशी मुकादमबाईंनी कान दाबले. मग हळूहळू ऐकू लागल्या. मग हात हलवायला शिकल्या. शेवटी शेवटी तर मावशी दिसली की आपणहून हात हलवून दाखवत. मावशीला त्याचं कौतुक वाटे आणि वाईटही. आपल्यावाचून हिचं अडणार नाही हे आपणच शिकवायचं, आणि शिकली की वाईट वाटून घ्यायचं, हा कुठला न्याय, हे तिचं तिलाही कळेना.

तिकडे नवऱ्यानंही हातपाय हलवले. चार जणांत राहत होता ती खोली सोडून एक छोटी स्वतंत्र खोली घेतली. दोन खुर्च्या आणल्या आणि फोनवर दाखवल्या. या कोनातून एक, त्या कोनातून एक. मावशी म्हणाली, कळलं रे, दोन आहेत. तरी त्यानं पुन्हा दाखवल्या.

जायला थोडे दिवस उरले असताना होऊनजाईलचा फोन आला. तिकडच्या त्या शाळेला बाहेरून माणसं आणायची जी परवानगी होती ती सरकारनं काढून घेतली होती. का, ते कुणी सांगत नव्हतं. तुमची काही चूक नाही, असं शाळेनं कळवलं होतं, आमचीही नाही. मग कुणाची, ते कळवलं नव्हतं. मावशीनं विचारलं, म्हणजे नोकरी आहे की नाही? नोकरी आहे, तो म्हणाला, पण तुम्हाला देता येत नाही. मग आता? पलीकडून नेहमीचं उत्तर आलं, पण या वेळी जरा दमानं.

हे तिनं सासूबाईंना सांगितलं, मोठ्या बाईंना सांगितलं, फक्त नवऱ्याला सांगितलं नाही. रोज ठरवी आणि रोज तो खुर्च्यांसाठी उशी घेऊ का विचारी, आणि ती म्हणे घे.

जायचा दिवस उजाडला. मावशी कुठंच जाणार नव्हती, पण पाटीवर विमान होतं. मोठ्या बाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, चित्र लावलंय तर पुरं करावं लागेल, नाहीतर ही पोर उद्यापासून पाटीवर विश्वास ठेवणार नाही. मुकादमबाईंना कुणाच्या सूचनेची गरज नव्हती. त्यांनी मावशीची पिशवी आणली. चपला आणून पायाशी सरळ ठेवल्या. मावशीचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं, पाठीला हलकेच ढकललं, हात हलवला, आत गेल्या आणि विमान डब्यात टाकलं. इतका सुंदर निरोप त्या वर्गात कुणी कधी दिला नव्हता. सगळ्या बाया रडल्या.

मावशी फाटकाबाहेर आली आणि उभी राहिली. डावीकडे घर, उजवीकडे बाजार, दोन्हीकडे जायचं कारण नाही. परदेशी न जाता परदेशी गेलेली बाई भरदिवसा जाते कुठं? बसच्या थांब्यावर बाकडं होतं, तिथं बसून तिनं नवऱ्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे धुलाईयंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"खोली घेतली ती घेतली," शेवटी तो म्हणाला. "दुसऱ्या खुर्चीवर मी कपडे वाळत घालीन. तू आलीस की काढीन."

तेव्हा कुठं मावशी रडली. बस आली, ड्रायव्हरनं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनीच तिला बोलावून घेतलं. जागा भरलेली होती, तरी कुणी ना कुणी रजेवर असतंच, आणि कोठीत चित्रं कापायची पडली होती, तोवर ये म्हणाल्या. मावशी गेली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मुकादमबाई समोर आल्या आणि थबकल्या. मावशीकडे पाहिलं. वर्गात गेल्या, 'झालं'च्या डब्यात हात घालून विमान शोधून काढलं, पाटीवर पुन्हा लावलं आणि मावशीच्या चपला, ज्या कप्पा गेल्यापासून ती पिशवीत ठेवत असे, त्या घेऊन आल्या. झालेलं काम झालेलं नाही असं दिसत होतं, तेव्हा ते पुन्हा करायला हवं होतं. पिशवी, चपला, दार, टाटा.

त्यानंतर रोज हेच. मावशी निमूटपणे पुढच्या दारानं बाहेर पडे, इमारतीला वळसा घाले, स्वयंपाकघराच्या दारानं आत येई, चपला तिथंच काढी आणि कोठीत बसे. रोज एकदा परदेशी जाऊन मागच्या दारानं परत. बाया हसत आणि मावशीही हसे, पण वळसा घालताना तिला खरंच कळेनासं होई की आपण गेलेलो आहोत की आलेलो. घरी बॅग भरलेलीच होती, कारण ती रिकामी करायची का नाही हे ठरत नव्हतं, आणि रोजचे कपडे ती बॅगेतूनच काढून घाली. सासूबाई रोज संध्याकाळी विचारत, आता काय? आणि मावशी म्हणे, माहीत नाही. शेवटी शेवटी सासूबाईच म्हणू लागल्या, माहीत नसेलच, पण आपलं विचारते.

मोठ्या बाई म्हणाल्या, परत आल्याचं चित्र लावून बघू. तसं चित्र शाळेत नव्हतंच. जाण्याची चित्रं होती, यायचं एकही नव्हतं. मावशीनं कोठीत बसून उलट्या दिशेला तोंड केलेलं विमान काढलं, रंगवलं आणि पाटीवर लावलं. मुकादमबाईंनी ते नीट न्याहाळलं, काढलं, सरळ तोंड येईपर्यंत फिरवलं आणि पुन्हा लावलं. पोटावर उडणारं विमान पाठीवर उडू लागलं, पण दिशा बरोबर आली. तो प्रयोग तिथंच संपला.

मग एका दुपारी मावशी नेहमीप्रमाणे वळसा घालून मागच्या दारानं आत आली, चपला काढल्या आणि वळली तर मुकादमबाई स्वयंपाकघरात उभ्या. पाणी प्यायला आल्या असाव्यात. मावशीला वाटलं, आता या कान दाबतात. पण त्या मावशीकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या चपलांकडे. चपला जमिनीवर, मोकळ्या, एक इकडे एक तिकडे, कप्प्याशिवाय.

त्यांनी चपला उचलल्या आणि निघाल्या. मावशी अंतर ठेवून मागून गेली. मुकादमबाई कपाटापाशी आल्या, मावशीच्या जुन्या कप्प्याचं दार सवयीनं उघडलं आणि हात तिथंच थांबला. आत नव्या ताईच्या सँडल्स होत्या आणि वर नव्या ताईचा फोटो. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. बाकीचे कप्पे एकेक करून पाहिले, सगळे भरलेले. हातात चपला घेऊन त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मावशीला पुढं व्हावंसं वाटलं, पण इतक्या वर्षांची सवय आड आली आणि ती थांबली. मग मुकादमबाईंनी खाली बसून स्वतःचा कप्पा उघडला, आपले बूट कडेला सरकवले, मावशीच्या चपला त्यांच्या शेजारी घट्ट बसवल्या आणि दार लावलं. तिथून सरळ पाटीपाशी जाऊन, त्या दिवशी टाटानंतरही तिथंच राहिलेलं विमान काढलं आणि डब्यात टाकलं.

त्यांनी हे मायेनं केलं की नुसत्या नीटनेटकेपणानं, ते कोण सांगणार? सांगता येण्यासारखं असतं तर त्या मुलीनंच कधीतरी सांगितलं असतं. मावशी मात्र कोठीत जाऊन कागदांच्या ढिगाशी बसली आणि तिच्या हातून त्या दुपारी एकही चित्र कापलं गेलं नाही.

शाळा सुटली. मुकादमबाईंनी कप्प्यातून आपले बूट काढून घातले. मावशी चपलांसाठी वाकली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला, चपला आणखी आत ढकलल्या, दार लावलं आणि घरी जायच्या गाडीत जाऊन बसल्या. दार पुन्हा उघडायला हरकत नव्हती. बघायला कुणी नव्हतं. पण मावशीला ते जमेना.

ती अनवाणी निघाली. वाट तशी फार नव्हती, पण खडी होती. निम्म्या वाटेत होऊनजाईलचा फोन आला. दुसऱ्या एका शाळेशी बोलणं चाललंय, म्हणाला, कामाचं नाव वेगळं आहे पण काम तेच, या वेळी अगदी होऊन जाईल.

"अर्ज करा," मावशी म्हणाली. "पण होऊन जाईल ते मला सांगू नका. होऊन गेलं की सांगा."

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांची नजर पायांवर थांबली. त्या दिवशी 'आता काय' विचारायचं त्या विसरल्या.

"चपला कुठं गेल्या?"

"शाळेत आहेत. उद्या जायचंय ना."

सासूबाईंनी यावर जरा विचार केला. बादलीभर पाणी आणून तिच्या पायांशी ठेवलं. मग कोपऱ्यातल्या स्वतःच्या चपला पायानं पुढं सरकवल्या.

"सकाळी या घालून जा," त्या म्हणाल्या. "आणि याच घालून परत ये. मला दुसऱ्या नाहीत."